भाऊच्या डोंगरावर तीन भाकरी

३ सप्टेंबर, सोनगीर

सकाळी पहिलं काम दळणाचं होतं. ज्वारी आणि अख्खे उडीद आईने आदल्या दिवशीच निवडून, मापून पिशवीत भरून ठेवले होते. खडेमीठही तिनेच मुठीने टाकलं होतं. आमच्याकडे कळणा, म्हणजे या भाकरीचं पीठ, असाच दळतात, मिठासकट. सलीमभाईंच्या गिरणीत सातलाच रांग लागलेली. त्यांनी पिशवीत हात घातला आणि ती भिंतीकडे सरकवून दिली.

"कळणा शे ना? मंग शेवटले. तुमनं मीठ दुसऱ्याना गहूमा गयं का लोके माले शिव्या देतस."

"मला दुपारची गाडी आहे, सलीमभाई."

"कथा चालनी?"

"भाऊकडे. हे त्याच्यासाठीच आहे."

सलीमभाई आणि माझा भाऊ चौथीपर्यंत एका बाकावर होते. त्यांनी चालू दळण उरकलं आणि रांगेतल्या कुणाला न विचारता माझी पिशवी वर ओतली. 

माझा भाऊ मधुकर माझ्याहून सात वर्षांनी मोठा. नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता, हुशार होता, लग्न टाळत होता. एकोणीस वर्षांपूर्वी पाळी संपवून निघाला तो घरी आलाच नाही. हत्यारांची पिशवी मात्र मित्राकडे नीट ठेवून गेला होता, यादीसकट. पहिली काही वर्षं तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. मग एरंडोलचे एक गृहस्थ बद्रीनाथची यात्रा करून आले, त्यांनी एक चिठ्ठी आणून दिली. अक्षर भाऊचंच होतं. त्याने संन्यास घेतला होता. हिमालयातल्या एका खोऱ्यात बारा वर्षांचं अनुष्ठान धरलं होतं, आणि ते पुरं होईतो खोऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. पुरं झालं की त्यांच्या रीतीप्रमाणे एकदा जन्मगावी येऊन आईच्या हातची भिक्षा घ्यायची. 'दारात येईन,' एवढंच शेवटी लिहिलं होतं.

येत्या गुरुपौर्णिमेला ती बारा वर्षं पुरी होणार होती. दहा महिने उरले होते.

आई शहाऐंशी वर्षांची आहे. जूनमध्ये तिला धाप लागली म्हणून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "महिन्यांचं बोलू या ताई, वर्षांचं नको." आईला हे सांगितलेलं नाही. मी ठरवलं, भाऊकडे जायचं आणि त्याला आत्ताच घेऊन यायचं. दहा महिने थांबून रिकाम्या दारात भिक्षा मागण्यात काय अर्थ आहे? आईला फक्त म्हटलं, भेटून येते. तिने एवढंच सांगितलं, "त्याले पोटभर खावाडजो."

मी जळगावला खानावळ चालवते. रोज साठ डबे जातात. कुणाला काय चालतं, काय चालत नाही हे लक्षात ठेवणं हाच माझा धंदा आहे. म्हणून नीट विचार करून सामान भरलं. चातुर्मास चालू, म्हणून भरिताची वांगी घेतली नाहीत. संन्याशाला चालणार नाही म्हणून कांदा नाही, लसूण नाही. शेंगदाणे, तीळ, वाळलेल्या मिरच्या, तेलाची छोटी बाटली आणि पीठ. एवढा विचार केला होता मी.

ऋषिकेशच्या वर

रेल्वेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ऋषिकेशहून पहाटेची बस धरली. जाणाऱ्यांना सांगते, खिडकीची जागा नदीच्या बाजूची घेऊ नका. मी घेतली आणि सहा तास डोळे मिटून बसले. पावसाने रस्ता तीन ठिकाणी खचला होता. एके ठिकाणी यंत्र येऊन दगड हटवीपर्यंत चार तास सगळी बस रस्त्यावर. लोक शांत होते. आपल्याकडे हायवेला तासभर खोळंबा झाला तर माणसं एकमेकांच्या अंगावर धावतात. इथे एका बाईने स्वेटर विणायला घेतला आणि ड्रायव्हर दगडावर पाठ टेकून झोपून गेला. मी खाली उतरून फेऱ्या मारल्या, त्यात उजव्या बुटाचा तळ निघाला. धुळ्यात खास या प्रवासासाठी घेतलेले बूट. ड्रायव्हरने उठून तो सुतळीने बांधून दिला. म्हणाला, "माताजी, अब ये केदारनाथ तक चलेगा."

जोशीमठच्या पुढे जीपने गेले. शेवटच्या गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे राहणाऱ्यांना गर्दी नको आहे, आणि गावालाही ती झेपणार नाही. चाळीसेक घरं, पाटीसारख्या दगडांची छपरं, ओट्यांवर राजमा वाळत घातलेला. उन्हाळ्यात माणसं इथे राहतात, बर्फाच्या आधी गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन खालच्या गावी उतरतात. दोन गावं, दोन घरं, दरवर्षी दोनदा बिऱ्हाड. मला ते ऐकूनच दमायला झालं.

बसंती नावाच्या बाईकडे उतरले. माझ्याच वयाची, नवरा वारलेला, मुलगा खाली शहरात. तिच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती बसायचं, तिथेच खायचं, तिथेच गप्पा. आल्या आल्या तिने चहा दिला. लोणी घातलेला, खारट. मी दोन पेले प्यायले. चहा म्हणून विचित्र, पण कढी समजून प्यायला की चांगला लागतो.

"बाबाजी को भी यही चाय देते हो?" मी माझ्या खानावळीतल्या हिंदीत विचारलं.

"ना दीदी. बाबाजी नमक नहीं लेते. ग्यारह साल हो गये, एक दाना नहीं." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आप बाबाजी की कौन?"

"बहन."

तिने कपाळाला हात लावला आणि मला तिसरा पेला दिला. चिठ्ठीत मिठाबद्दल काही नव्हतं. मी मनात नोंद केली: अळणी. डब्याच्या गिऱ्हाइकांचं करते तसंच.

गावात त्याला सगळे 'मराठा बाबा' म्हणतात. बसंतीने सांगितलं, जपजाप्य आहेच, पण खरं म्हणजे बाबाजी प्रेशर कुकर फार चांगला दुरुस्त करतात. गावातली पाणचक्की दोन वर्षं बंद होती, ती त्यांनीच चालू केली. सोलरचा दिवा बिघडला की बायका त्यांच्याकडे जातात. मला हसू आलं. घर सोडलं, नाव सोडलं, आणि फिटर काही सुटला नाही.

खोपटी

गावापासून वर दीड तासाची चढण. त्या उंचीवर माझं डोकं दुखायला लागलं, दर वीस पावलांनी थांबत होते. लहानपणी सोनगीरचा किल्ला म्हणजे आम्हाला केवढा डोंगर वाटायचा. भाऊ मला पाठीवर घेऊन चढायचा आणि वर जाऊन हायवेवरचे ट्रक मोजायला लावायचा. इथे मोजायला काही नाही. खाली नदीची पांढरी रेघ, वर दगड, त्याच्यावर बर्फ. झाडंसुद्धा खालीच थांबलेली.

खोपटी दगडांची, माणूस वाकूनच आत शिरेल एवढ्या दाराची. बाहेर उन्हात एक म्हातारा बसून कुकरच्या झाकणाचं रबर बसवत होता. भगवं विटून मातीसारखं झालेलं, दाढी पोटापर्यंत, समोरचे दात गेलेले. चाहूल लागताच त्याने मान वर केली.

"आइए माताजी, बैठिए."

"माताजी कुणाला म्हणतोस? सुमन आहे मी."

त्याचे हात थांबले. तो बघत राहिला. मीही बघत राहिले, कारण मतदारयादीतल्या वयाने तो साठीचा असायला हवा होता आणि समोर पंच्याहत्तरीचा माणूस बसला होता. मग तो म्हणाला, "जाडी झालीस."

"तू आरशात बघितलंयस का कधी?"

"आरसा नाही इथे." आणि हसला. हसणं तेच होतं.

त्याला भाऊ म्हणू की बाबाजी, हे मी विचारून घेतलं. म्हणाला, तोंडाला येईल ते म्हण. नमस्कार मात्र मीच करायचा, तो करणार नाही. संन्याशाने आईखेरीज कुणाच्या पाया पडायचं नसतं.

वाचणाऱ्यांना उत्सुकता असेल म्हणून त्याचा दिवस सांगते. तीनला उठतो. ओढ्यावर अंघोळ, थंडीत बर्फ फोडून. मग दहापर्यंत जप. मग खाली गावात पाच घरी भिक्षा. पाच घरी मिळेल तेवढंच, सहावं घर नाही. एकदा जेवतो. बहुतेक कुट्टू नावाच्या डोंगरी धान्याची रोटी आणि उकडलेला बटाटा, अळणी. हिवाळ्यात गावाबरोबर खालच्या गावी जाऊन एका गोठ्यात राहतो. ते गावही त्याच खोऱ्यात आहे. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. पहिल्या हिवाळ्यात हिमदंशाने काळी पडली, ती गेली. हे त्याने एखाद्या बोल्टचा आटा गेल्यासारखं सांगितलं.

"आणि मिळालं काय?" मी विचारलं. मला असले प्रश्न आडवळणाने विचारता येत नाहीत.

त्याने कुकरचं झाकण खाली ठेवलं. "सुरुवातीला वाटलं होतं काहीतरी मिळेल. आता वाटतं, मागणं कमी झालं. तेही पूर्ण नाही."

मग मी आईचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही शब्द न बदलता सांगितलं. तो रबर हातात फिरवत राहिला.

"दहा महिने," तो म्हणाला.

"तिच्याकडे ते नाहीत."

"आहेत. ती थांबेल."

"तू डॉक्टर आहेस का?"

"सुमन, गुरू असते तर त्यांना विचारलं असतं. ते गेले. आता संकल्प सोडवणारं कुणी नाही. अकरा वर्षं मी एकच गोष्ट मनात धरून इथे बसलोय. लोकांना वाटतं बाबाजी ईश्वराचं ध्यान करतात. मी आपल्या दाराचं करतो. बाहेरची पायरी, तिच्या कडेचा तुटका कोपरा, आणि माय हातात भाकरी घेऊन बाहेर येते. एवढंच. हे पुरं झाल्याशिवाय मी गेलो तर तिच्या दारात कुणीतरी भलताच उभा राहील."

मला यातलं अर्धं कळलं आणि अर्ध्याचा राग आला. पण तो येणार होता हे नक्की होतं, आणि आषाढात येणार होता. मी मनाशी म्हटलं, आईला आषाढापर्यंत ओढायचं. औषधं, पथ्य, मी स्वतः सोनगीरला येऊन राहीन. खानावळ कामाच्या बायका बघतील. परत जायला निघण्याआधी पिठाचं सांगितलं.

"मायनी कळणा दिला?" त्याचा आवाज एकदम गावचा झाला. "मिठाशिवाय करशील ना? बसंतीने सांगितलं असेल."

"सांगितलं. साठ डबे करते मी, मला शिकवू नकोस."

१० सप्टेंबर

सकाळी लवकर वर गेले. खोपटीशेजारी तीन दगडांची चूल होती, लाकूड ओलं होतं. मी पूर्वी कधी एवढ्या काळजीने स्वयंपाक केला नसेल. बसंतीची परात आणली ती राखेने घासून घेतली, तिच्या खारट चहाचा अंशही नको म्हणून. शेंगदाणे-तीळ-मिरची खलबत्त्यात कुटली, अळणी. चाखून बघितली, घशाखाली उतरेना, पण ठेवली. तेलाची बाटली नाकाशी धरून बघितली. पीठ परातीत घेतलं, गरम पाण्याने मळलं. उडीद असल्यामुळे तिथल्या थंडीतही ते धरून राहिलं, नाहीतर ज्वारी तिथे तुटते. भाकरी थापल्या. तवा पातळ होता, दोन ठिकाणी करपल्या.

भाऊने ओढ्यावर हात धुतले, आसन घेतलं, पाणी फिरवलं. मी भाकरी त्याच्या हातात दिली. त्याने मोठा तुकडा मोडला, चटणीला न लावता तसाच तोंडात घातला.

चावणं थांबलं. डोळे मिटले. मला वाटलं, आईची आठवण आली. मी मुद्दाम चुलीकडे तोंड केलं. कुणी रडत असेल तर मला बघवत नाही. पुन्हा वळून पाहिलं तर तो दुसरा घास खात होता. मग तिसरा. एक भाकरी संपली, त्याने हात पुढे केला, मी दुसरी दिली. मग तिसरी. दात नसलेला माणूस किती वेगाने खाऊ शकतो हे पाहून मला बरं वाटलं. आईला सांगायला एक गोष्ट झाली.

हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "दळण कुणी केलं?"

"सलीमभाईंच्या गिरणीत. रांग मोडून."

"मापून कुणी दिलं?"

"माय. निवडलं, मापलं, सगळं तिनेच..."

आणि तिथे मला कळलं. परातीत चौथी भाकरी होती, तिचा कोपरा मोडून तोंडात घातला. नेहमीसारखी, चांगली, खारी भाकरी. मळताना मी मीठ घातलं नव्हतं, कारण कळण्याच्या पिठात आम्ही कुणीच मळताना मीठ घालत नाही. हात मिठाकडे गेलाच नाही आणि मला वाटलं मी लक्षात ठेवलंय. चटणी चाखली, तेल हुंगलं. पीठ चाखायचं सुचलं नाही.

"चुकून झालं हे," मी म्हटलं. "तुला ठाऊक नव्हतं, मला सुचलं नाही. चुकीने व्रत मोडत नाही. कुठल्याही पंडिताला विचार."

"पहिला घास चुकून," तो म्हणाला.

"मग थुंकायचा होता."

"मायनं अन्न थुंकू?"

"बरं, गिळलास. मग दुसरा का घेतलास? कळलं होतं ना तुला?"

त्याने ओढ्याकडे तोंड केलं. मग आमच्या बोलीत, अगदी हळू म्हणाला, "ग्वाड लागनं, सुमे."

 खाली गावात कुणीतरी गुरांना हाका मारत होतं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

"आता पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. रागाने नाही, रडूनही नाही. बिघाड सापडला की फिटर सांगतो तसं.

"बारा वर्षं?"

"बारा."

मी हिशेबी बाई आहे. एक रस्ता बंद झाला की दुसरा बघते. म्हटलं, "मग फारच चांगलं. मोडलंच आहे ना? आता थांबायचं कशासाठी? उद्या चल माझ्याबरोबर. आईला भेट, आठ दिवस राहा, परत ये आणि मग कर सुरू तुझी बारा वर्षं. कुणाचं काय बिघडतं?"

"कोण म्हणून येऊ? भिक्षा मागायचा हक्क आता नाही."

"मुलगा म्हणून ये."

"मुलाचं श्राद्ध मीच केलंय. हरिद्वारला, स्वतःच्या हाताने पिंड देऊन."

"तिने नाही केलं!" मी ओरडले. "तिला कुणी विचारलं होतं? ती अजून तुझा गणवेशातला फोटो पुसते दर सोमवारी!"

 त्याने उरलेली चौथी भाकरी घेतली, तिचे तुकडे केले आणि दगडावर पक्ष्यांना टाकले. त्याच्या बोटांना पीठ लागलं होतं. ते त्याने चाटलं नाही, मातीत पुसलं. पुसायला जरा वेळ लागला, हे मी पाहिलं.

"सुमन," तो म्हणाला, "मी तीन खाल्ल्या. तू पाहिलंस. अकरा वर्षांनी पहिल्या घासाला कळलं आणि तरी तीन खाल्ल्या. घरी आलो, तिने पुढे ताट ठेवलं, तर मी परत इथे येईन असं तुला वाटतं?"

"नाही आलास तर नाही आलास."

"मग ही एकोणीस वर्षं कशाची होती?"

 माझ्या मते त्याने यायला हवं होतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला तो बरोबर वाटेल, वाटो. मी परात उचलली आणि निघाले. तो वाटेच्या वळणापर्यंत आला, लंगडत. मी त्याच्या पाया पडले नाही. वळणावर त्याने विचारलं, "मायले काय सांगशी?"

"अजून ठरवलं नाही," मी म्हटलं, आणि खाली उतरले. उतरताना डोकं दुखत नाही, ही एक सोय आहे.

बसंतीला मी काही सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये बसत असताना ती म्हणाली, बाबाजी आज भिक्षेला आले नाहीत, सकाळी लवकर येऊन कुकर मात्र ओट्यावर ठेवून गेले.

परत सोनगीरला

परतीच्या वाटेवर विचार करायला भरपूर वेळ असतो. पहिला विचार आला तो खोटं सांगण्याचा. 'आषाढात येतो' असं म्हणायचं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तिला आषाढ दिसणारच नव्हता. पण आई डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे चालत नाही. आषाढ आला, पौर्णिमा आली, आणि ती पायरीवर जाऊन बसली तर? त्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं, असं ठरवून मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं.

आई खाटेवर बसून वाटच बघत होती. पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"खादी का त्यानी?"

"खाल्ली."

"कितल्या?"

"तीन."

ती तोंडभर हसली. "दात शेतस का त्याले?"

"पुढचे नाहीत."

"मन्हासारखाच मंग." पुन्हा हसली. मग तो कसा दिसतो, काय पांघरतो, थंडी किती, सगळं विचारून झालं. दोन बोटांचं मी सांगितलं नाही. मग तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "आषाढमा येस ना?"

मी खाली बसले. "माय, तो आषाढात नाही येणार. व्रत मोडलं. आता पुन्हा बारा वर्षं."

"कसं काय मोडनं?"

"अळणी खायचं व्रत होतं त्याचं. आपल्याला माहीत नव्हतं."

हे बोलले आणि लक्षात आलं की मी काय बोलले. आई म्हातारी आहे, नावं विसरते, गॅस चालू ठेवून विसरते. पण स्वयंपाकातलं गणित तिला कुणी शिकवायला लागत नाही. तिचा चेहरा बदलताना मला दिसला. तिने आपला उजवा हात मांडीवर उलटा केला आणि तळव्याकडे बघू लागली.

"दळणमा मीठ..." ती म्हणाली. "मी टाकं व्हतं ना?"

"नाही," मी म्हटलं.

"टाकं व्हतं वं. मुठ भरीसन."

"नाही टाकलंस. या वेळी तू विसरली होतीस. पीठ अळणीच होतं. मळताना मीच टाकलं, सवयीने."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी इसरनी व्हती?"

"हो. तू हल्ली विसरतेसच."

 तिने तो हात पदराखाली घेतला. मग तिचा आवाज चढला. असा चढलेला मी जूननंतर ऐकला नव्हता. साठ माणसांचा स्वयंपाक करते म्हणून मिरवते आणि सख्ख्या भावाला अळणी भाकरी करता येत नाही. कुणी पाठवलं होतं हिला. न जाती तर आषाढात आला असता. "बारा वरीस आते मी काय बठी ऱ्हासू?" असं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी वरण-भात केला. माझ्या हातचं ती जेवली नाही. लीलाअक्काकडून दूध मागवून प्यायली. लीलाअक्का म्हणजे शेजारच्या. दूध देताना दारातच दोघींचं बराच वेळ कुजबुजत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ आला. आमच्या दारासमोरच नळ आहे, गल्लीतल्या सात-आठ बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. लीलाअक्कांनी माझा हंडा पुढे घेऊ दिला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय वं सुमन, तुन्ही माय सांगस ते खरं शे का? तूच मीठ टाकं त्या भाकरमा?"

बायका माझ्याकडे वळल्या. पाणी तेवढं पडत होतं. दार उघडं होतं आणि आई आत खाटेवर जागी होती, तिची खाट करकरलेली मी ऐकली. म्हणून मी नळ बंद केला, आणि तिला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "हो अक्का, मीच टाकलं."